यात्रा ड्युटीचं शिक्षण कुणी द्यायचं?

माघ लागला की विदर्भातल्या कितीतरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक ठरलेलं पत्र येऊन पडतं. विषय : यात्रेनिमित्त वैद्यकीय पथक नेमणेबाबत. एक वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माण अधिकारी, एक आरोग्य सेवक, एक सेविका, एक शिपाई आणि जमल्यास १०८ ची गाडी. सोबत औषधांची यादी : ओआरएस, पॅरासिटामॉल, पोटाच्या गोळ्या, सर्पदंशावरचं प्रतिविष, पट्ट्या. तिथे जाऊन त्या पथकाने नेमकं काय करायचं, हे मात्र पत्रात नसतं. तंबूत बसावं आणि येईल त्याला गोळी द्यावी, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं. त्या डॉक्टरला एमबीबीएसच्या काळात हृदयाच्या झडपांपासून दुर्मीळ गाठींपर्यंत सगळं शिकवलेलं असतं. पन्नास हजार माणसं एका नाल्याकाठी तीन दिवस मुक्कामाला आली तर पाण्याचं, शौचाचं, स्वयंपाकाचं आणि वाटांचं काय होतं, हे शिकवायची कुणाला गरज वाटलेली नसते.

ते शिकवायला हवं, पदव्युत्तर पातळीवर शिकवायला हवं, आणि विदर्भातल्या यात्रांमध्येच शिकवायला हवं, असं माझं म्हणणं आहे. मुंबई-पुण्यात चार भिंतींच्या आड गर्दीचं आरोग्यशास्त्र शिकून माणूस तयार होईल यावर माझा विश्वास नाही. हजच्या गर्दीवर लिहिलेलं पुस्तक रियाधहून आणून तर नाहीच नाही.

आपल्याकडे वर्षाचं कॅलेंडरच यात्रांनी भरलेलं आहे. पौषात बहिरम, माघात कचारगड आणि शेगावचा प्रकटदिन, महाशिवरात्रीला मार्कंडा आणि चपराळा, होळीच्या सुमारास सैलानी बाबांचा दर्गा, रामनवमीला पोहरादेवी, चैत्रात चंद्रपूरची महाकाली, पुढे गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. शिवाय गावोगावचे सप्ताह, त्यांची तर गणतीच नाही. गर्दी म्हणून या सगळ्या सारख्या वाटतात, पण प्रत्येकीचा आजार वेगळा आहे, आणि शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड घ्या. माघ पौर्णिमेला महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज तिथे येतो. डोंगर चढून गुहेत दर्शन, रात्री उघड्यावर मुक्काम, माघातली थंडी. पूर्व विदर्भातल्या आदिवासी समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. अंगातलं पाणी कमी होणं, दमछाक आणि थंडी ही सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेच्या झटक्यात ढकलणारी नेहमीची कारणं आहेत, आणि इथे तिन्ही एकाच दिवसात भेटतात. सांधे धरून कण्हणारा पोरगा तंबूत आला तर ‘चालून चालून पाय दुखले’ म्हणून त्याला गोळी देऊन वाटेला लावायचं, की सलाईन लावून, पांघरूण घालून, वेदनेवर पुरेसं औषध देऊन रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचं? हा फरक ज्याला आधीपासून ठाऊक आहे तो चढाच्या प्रत्येक टप्प्यावर पाण्याची टाकी मागेल, आणि समाजाच्या स्वयंसेवकांना गोंडीतून चार वाक्यं सांगायला शिकवेल. जगातल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कचारगड नाही.

चैत्रातल्या महाकाली यात्रेचा प्रश्न निराळा. मराठवाड्यातून, तेलंगणातून खेडोपाडीचे भाविक चंद्रपूरला येतात, झरपट नदीत आंघोळ करतात आणि मिळेल त्या सावलीला टेकतात. ऊन चंद्रपूरचं. पोहरादेवीच्या रामनवमीलाही तीच गत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हाने १४ माणसं गेली, तेव्हा राज्यभर हळहळ झाली. पण कार्यक्रमाची वेळ काय ठेवायची, मांडव किती लोकांवर घालायचा, पाणी माणसाकडे न्यायचं की माणसाला पाण्याच्या रांगेत उभं करायचं, हे आरोग्याचे निर्णय आहेत, असं त्यानंतर तरी कुठे ठरलं? आपल्याकडे अजूनही ते मांडव कंत्राटदाराचे निर्णय आहेत.

सैलानीला मानसिक आजार असलेली माणसं घेऊन नातेवाईक येतात, राहतात. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडाने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, हे आठवलं की अशा ठिकाणी तंबूत नुसती ओआरएसची पाकिटं ठेवून भागत नाही हे कळतं. श्रद्धेवर वाद न घालता उपचार दारापर्यंत कसा न्यायचा, हा एका अख्ख्या सत्राचा विषय आहे.

आणि आता सप्ताह. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. रुग्णालयात जागा पुरेना, म्हणून बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि खाली जमिनीवर रुग्ण झोपवले. तो फोटो देशभर फिरला आणि सगळ्यांनी आरोग्य यंत्रणेची लाज काढली. मला त्या दोऱ्या बांधणाऱ्यांचं कौतुकच वाटलं. हाताशी असेल त्यात त्यांनी माणसं वाचवली. लाज वाटायची असेल तर ती आधीच्या दिवसाबद्दल वाटावी. इतक्या लोकांचा स्वयंपाक होणार हे गावाला ठाऊक होतं. महाशिवरात्री-नवरात्र आलं की भगरीचं सुटं पीठ घेऊ नका, जुनी भगर नीट पाहून घ्या, असं अन्न व औषध प्रशासन सांगतच असतं, कारण दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. रात्री शिजवून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, झाकून ठेवलेलं अन्न तासन् तास कोमट राहतं, आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. यातलं काहीच गुपित नाही. पण हे आचाऱ्याला येऊन सांगणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

विषबाधा झाल्यावर करायची कामंही कुणाच्या यादीत नसतात. कोण आजारी पडलं, कधी पडलं, त्याने काय खाल्लं होतं, आणि त्याच पंगतीत बसून जो ठणठणीत राहिला त्याने काय खाल्लं नव्हतं, ही यादी पहिल्या काही तासांत झाली तर दोषी पदार्थ सापडतो. दुसऱ्या दिवशी गंज घासून पालथे घातलेले असतात, उरलंसुरलं गुरांपुढे गेलेलं असतं आणि पेपरात ‘अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले’ एवढी ओळ येते.

यात्रेतल्या तंबूची रजिस्टरं मी बरीच चाळली आहेत. नाव, वय, लिंग, गाव, तक्रार, दिलेलं औषध असे रकाने असतात. बहुतेक ठिकाणी ‘गाव’ या रकान्यात पहिल्या पाच-सात नावांपुढे गाव लिहिलेलं असतं, मग गर्दी वाढते आणि खाली एकच शब्द उतरतो : यात्रेकरू. त्याखाली टिंब-टिंब. लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याच्यापुढे रांग असते. पण नेमका तोच रकाना सगळ्यांत मोलाचा आहे. यात्रेतला आजार यात्रेत दिसतोच असं नाही. कॉलऱ्याला दोन-चार दिवस लागतात, गोवराला दहा-पंधरा, विषमज्वराला एक ते तीन आठवडे आणि पाण्यातून पसरणाऱ्या काविळीला कधी दीड महिना. तोवर तंबू उखडलेला, टँकर परत गेलेला, भाविक चार जिल्ह्यांत पांगलेले. तिकडे मेळघाटच्या पायथ्याच्या एखाद्या गावात काविळीचे तीन रुग्ण सापडतात, स्थानिक विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर) टाकलं जातं, अहवाल जातो आणि फाईल बंद होते. साथरोग सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, आता तर सगळी माहिती ऑनलाइन भरली जाते, पण ‘महिन्याभरात कोणत्या यात्रेला गेला होतात?’ हा प्रश्न विचारायची सवय आपण कुणाला लावलेली नाही.

पाण्याचंही असंच. टँकर येतो, ग्रामपंचायतीचा माणूस वरून टीसीएलची पुडी सोडतो आणि त्याच क्षणी खाली घागरी लागतात. क्लोरिनला काम करायला साधारण अर्धा ते एक तास द्यावा लागतो, हे पुस्तकात पक्कं आहे. टँकरला मात्र एक तास उभं राहायला परवानगी नाही, कारण मागे दुसरी खेप आहे. टीसीएलचं पोतं तोंड उघडं ठेवून गोदामात पडलेलं असेल तर त्यातला क्लोरिन निम्मा उडून गेलेला असतो. पाण्यात क्लोरिन उरलाय का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टच्या नळीत पाणी पिवळं झालं नाही म्हणून एका ठिकाणी टँकर थांबवायला सांगितला, तर रांगेतल्या आजीबाई म्हणाल्या, ‘‘डाक्टर, हे पानी कायले तपासता बाप्पा? आमी तं दरसाली हेच पेतो.’’ त्यांना उत्तर द्यायला शास्त्र लागतं, आणि त्याहून जास्त बोलण्याची रीत लागते. दोन्ही शिकवता येतात.

हा विषय आपल्याकडे बंदोबस्ताच्या खात्यात जमा आहे, आणि खरी अडचण तिथे आहे. यात्रेची नियोजन बैठक म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत, ठाणेदार, वीज मंडळ, एसटीचा आगारप्रमुख, ट्रस्टचे लोक आणि शेवटच्या खुर्चीवर तालुका आरोग्य अधिकारी. त्यांना एकच प्रश्न येतो, ‘‘गोळ्या-औषधं आहेत ना?’’ ते ‘‘आहेत साहेब’’ म्हणतात, बैठक पुढे सरकते. रस्ता कुठून एकेरी करायचा, दुकानांचे गाळे किती मागे घ्यायचे, बाहेर पडायची वाट वेगळी ठेवायची की नाही, यावर डॉक्टरने तोंड उघडणं आगाऊपणा समजला जातो. वास्तविक गर्दीतले मृत्यू बहुधा तुडवून होत नाहीत. एका चौरस मीटरमध्ये चारच्या वर माणसं झाली की चालणं अवघड होतं, सहा-सातच्या पुढे माणसाला स्वतःचं अंगच आपल्या ताब्यात ठेवता येत नाही, आणि छातीवर इतका दाब येतो की उभ्या-उभ्या श्वास कोंडून जीव जातो. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला तीनशेच्या घरात माणसं गेली. तिथे पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या आणि वाट अरुंद होती. नारळ कुठे फोडायचा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं त्या बैठकीत कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

गर्दी म्हणजे देवाचीच असंही नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात ११४ जीव गेले. बहुतेक बाया आणि लेकरं, विदर्भातल्या खेड्यांतून आलेली. त्यात चूक कुणाची यावर तीस वर्षं बोलून झालं. त्या गर्दीला बाहेर पडायला वाट किती होती, पाणी कुठे होतं, लेकरं मध्यभागी अडकू नयेत म्हणून काय केलं होतं, यावर एखादा अभ्यासक तयार करावा असं एकाही वैद्यकीय महाविद्यालयाला वाटलं नाही, आणि नागपुरात ती काही कमी नाहीत.

आता कुणी म्हणेल, शेगावला कुठे एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) झालेली माणसं होती? हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. गजानन महाराज संस्थानचे सेवाधारी जी शिस्त, जी स्वच्छता राखतात ती बघायला परराज्यांतून लोक येतात, आणि त्यांतल्या कुणाकडे यासाठीची पदवी नाही. माझं उत्तर असं, की त्या सेवाधाऱ्यांना शिक्षक म्हणून बोलवा. रांग कुठे वळवायची, कोणत्या वेळी दर्शन थांबवायचं, महाप्रसादाच्या पंगती किती मिनिटांनी उठवायच्या, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने येतं. ते कुठेही लिहून ठेवलेलं नाही, म्हणून दुसऱ्या गावाला उपयोगी पडत नाही. शिवाय शेगावात जागा एका संस्थानाची, शब्द एका संस्थानाचा. मार्कंड्याला नदीचं पात्र महसूलचं, मंदिर पुरातत्त्व खात्याचं, पाणी ग्रामपंचायतीचं, गाड्या एसटीच्या, दुकानं ज्याची त्याची. तिथे निर्णय नेमका कुणाच्या हातात आहे हे शोधून काढणं हेच अर्धं कौशल्य आहे.

जगात या विषयाला मान मिळाला तो हजमुळे. १८६५ साली मक्केत कॉलरा पसरला, तो पुढे युरोपात पोचला आणि १८६६ ला कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. म्हणजे देशोदेशींचे आरोग्याचे नियम बनले त्यामागेही यात्राच होती. (इंग्रज साहेबाने मात्र त्यातून यात्रेकरू म्हणजे चालताबोलता कॉलरा अशी समजूत करून घेतली, आणि ती आपल्या काही अधिकाऱ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येते.) १९८७ ला मेनिंजायटिसची साथ आली, त्यानंतर सौदीने लस सक्तीची केली. तिथे ते जमतं, कारण व्हिसा आहे, संख्या माहीत आहे, हुकूम एकाचा आहे. आपल्या यात्रेला तिकीट नाही. पेपरवाले ‘लाखो भाविक’ लिहितात, आणि हजारामागे किती आजारी पडले हे काढायला खाली भागायचा आकडाच नसतो. म्हणूनच इथल्या विद्यार्थ्याला एसटीच्या फेऱ्यांवरून, पार्किंगवरून, महाप्रसादाच्या ताटांवरून, मैदानाच्या फोटोंवरून गर्दी मोजायला शिकावं लागेल. आणि सौदीचीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२४ च्या हजमध्ये उन्हाने १,३०१ माणसं गेली, आणि सौदी सरकारनेच सांगितलं की त्यांतले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते. म्हणजे थंड तंबू, बस, नोंद या सोयींच्या बाहेर राहिलेले. आपले तर सगळेच यात्रेकरू त्या अर्थाने विनानोंदणीचे.

मग हे शिक्षण कसं असावं? सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ पासूनच्या या कॉलेजात, वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे राहते, घराघरांत जाते. त्याच धर्तीवर पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक यात्रा द्यावी, पुरत्या दोन वर्षांसाठी. पहिल्या वर्षी त्याने नुसतं बघावं : यात्रेच्या तीन महिने आधीपासून पाण्याचे स्रोत, वाटा, दुकानं, आचारी, मुक्कामाच्या जागा नकाशावर मांडाव्यात, यात्रेत तंबूबाहेर राहावं, आणि यात्रा पांगल्यावर महिना-दीड महिना भाविकांच्या गावांतून आजारांचा माग काढावा. दुसऱ्या वर्षी नियोजन बैठकीत त्याची खुर्ची असावी आणि त्याने सुचवलेल्या दोन-तीन बदलांचं काय झालं यावरच त्याचा प्रबंध व्हावा. सुचवलेलं मानलंच नाही, तर का मानलं नाही यावर. अशा नापास सूचनांचे प्रबंध मला जास्त वाचायला आवडतील.

२०२४ ला गडचिरोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, अमरावती इथे नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. मार्कंडा, पोहरादेवी, सैलानी, बहिरम त्यांच्याच जिल्ह्यांत आहेत. या कॉलेजांना अजून स्वतःची ओळख नाही, ती कमवायला हा विषय चांगला आहे. प्रवेश फक्त एमबीबीएसवाल्यांना नको. आयुर्वेदाचे डॉक्टर, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे अभियंते, अन्न निरीक्षक, फौजदारसुद्धा एका वर्गात बसावेत. यात्रेत त्यांना एकत्रच उभं राहायचं आहे. शिकवणं मराठीतून हवं, कारण आचाऱ्याशी इंग्रजीतून बोलता येत नाही.

पण पदवी देऊन पद दिलं नाही, तर हा सगळा खटाटोप वाया. एमपीएच करून एनजीओच्या सहा-सहा महिन्यांच्या प्रकल्पांवर फिरणारी मुलं मी पाहतो, त्यांत आणखी भर नको. केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा वेगळा संवर्ग उभारायला सांगितलं आहे. तामिळनाडूकडे तो फार आधीपासून आहे, आणि तिथल्या १९३९ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात जत्रा-उत्सवांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. नव्वद वर्षं होत आली, आपण अजून पत्र काढून पथक नेमतो.

पैशाचं कारण मी ऐकून घेणार नाही. ‘क’ वर्ग यात्रास्थळांना जिल्हा नियोजन समितीतून निधी मिळतो, आणि त्याचं काय होतं ते जाऊन बघावं : सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, स्वागत कमान. कमानीवर आमदारांचं नाव असतं, म्हणून कमान आधी होते. यात्रास्थळाला पुढचा हप्ता देताना, प्रशिक्षित माणसाने तयार केलेला आरोग्य आराखडा आणि मागच्या यात्रेचं ‘गाव’ रकाना भरलेलं रजिस्टर, हे दोन कागद जोडायची अट घातली तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षही असतात, त्यांच्या सहीने ही अट उद्यापासून लागू होऊ शकते. नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे, विदर्भातले डॉक्टर त्यासाठी प्रतिनियुक्तीवर मागवले जातीलच. त्यांची तिथली ड्युटी या अभ्यासक्रमाचं पहिलं सत्र म्हणून धरावी, आणि परत आल्यावर दुसरं सत्र एखाद्या शंभर उंबऱ्यांच्या गावातल्या सप्ताहात घ्यावं, जिथे पोलीस नसतो, तंबू नसतो आणि भगर मात्र दोन क्विंटल शिजते.